बंबावरची रेघ

रेघ वाकडी आली तर दोष हाताचा. त्या शेडमध्ये एवढा एकच नियम होता, आणि तो कुठे लिहून ठेवायची गरज कधी पडली नव्हती. दोष ब्रशचा नाही, रंगाचा नाही, उजेडाचा नाही, रात्री झोप लागली नाही याचाही नाही. बाबांना तो त्यांच्या काकांनी शिकवला होता. बाबांनी तो आपल्या मुलीला शिकवला, तेव्हा तिला बाकापर्यंत पोचायला रंगाच्या डब्यावर उभं राहावं लागत होतं.

काम होतं गाड्यांवर रेघा काढायचं. सायकलीच्या दांडीवर, घोडागाडीच्या चाकाच्या आऱ्यांवर, हौशी लोकांच्या जुन्या मोटारींच्या अंगावर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक रेघ. पट्टी लावायची नाही, दोरी धरायची नाही, खडूची खूण करायची नाही. ब्रशचे केस बोटाएवढे लांब. ते रंगात बुडवून काचेच्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा ओढायचे, सगळे केस शहाण्यासारखे एका दिशेला झोपेपर्यंत. मग करंगळी गाडीच्या कडेला टेकवायची आणि निघायचं. मनगट हलवायचं नाही, गुडघ्यांतून सरकायचं. आणि नजर ब्रशवर ठेवायची नाही. ती ठेवायची रेघ जिथे जाणार आहे तिथे, बाजूला, लांब, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यातून. ब्रशकडे बघितलं की रेघ घाबरते, असं बाबा म्हणत.

मुलीची रेघ कधी घाबरली नाही. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्यावरून गिऱ्हाइकं तिला ओळंबा म्हणायला लागली, आणि मग बाबाही. तोंडावर कौतुक करणं बाबांच्या रक्तात नव्हतं. पण नवीन गिऱ्हाईक आलं की ते त्याला भिंतीवर टांगलेल्या दोन सायकलींसमोर उभं करत.

"एकीवरची रेघ माझी, एकीवरची पोरीची. ओळखा."

गिऱ्हाईक थोडा वेळ मान वाकडी करून बघे आणि जास्त सुबक असेल तिच्याकडे बोट दाखवून म्हणे, "ही तुमची."

"ती तिची!" बाबा असे हसत, की जणू पैज जिंकली. ही पैज हरण्यासाठीच ते लावत. शेवटी शेवटी त्यांची बोटं सांध्यांत आखडली आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला. शेडमधल्या सगळ्या रेघा ओळंबा काढायला लागली. रंग घोटायचं, गाळायचं आणि ब्रश धुवायचं काम आईचं होतं. ती म्हणे, "तुम्ही दोघं रेघ काढता. रेघेला अंग मी देते."

विसाव्या वर्षी ओळंब्याला पहिली फिट आली. मग दुसरी. डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं आणि एक जुनं, खात्रीचं औषध अगदी कमी डोसने सुरू केलं. ते लागू पडलं. काही वर्षं फिटचं नावही नव्हतं. मग एका सणसणीत तापात एक फिट येऊन गेली. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला. हा डोस सर्रास सगळ्यांना देतात तोच होता, त्यात वावगं काही नव्हतं. त्यानंतर काही आठवड्यांनी ओळंबा घराच्या जिन्यावरून पडली. आईने घाबरून डॉक्टरांना सांगितलं, "परत फिट आली असावी." डोस आणखी थोडा वाढला.

आणि मग रेघ हलायला लागली.

आधी ते तिलाच कळलं. रेघ काढताना मागच्या दिव्याकडे नजर टाकली, की दिवा जागच्या जागी उड्या मारायचा, आणि करंगळी त्याच्यामागे जायची. लांबून रेघ सरळ दिसे. पण जवळ जाऊन बघितलं तर संथ पाण्यावर उठावी तशी लाट दिसायची. जिना उतरताना पायरी असते तिथे पाय पडायचा नाही. संध्याकाळी बोलताना जीभ जड व्हायची. आई म्हणायची, दमली असेल. पण हात दमला म्हणून रेघ बिघडली असं त्या शेडमध्ये कुणी म्हणत नसे.

एक दिवस बाबा एका मोटारीच्या दाराशी वाकले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रेघ जवळून बघितली आणि एकच शब्द बोलले.

"हात."

ओळंब्याने ती रेघ पुसली आणि पुन्हा काढली. मग ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये यायला लागली. काचेवर रेघा काढायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. दर खेपेला डॉक्टर विचारत, "फिट आली?" ती म्हणायची, "नाही," आणि तेवढ्यावर थांबायची. औषधाकडे बोट दाखवणं म्हणजे ब्रशकडे बोट दाखवणं झालं असतं, आणि ते तिने डब्यावर उभी असल्यापासून कधी केलं नव्हतं.

अशात बंब आला.

शहराच्या अग्निशमन केंद्राकडे एक जुना बंब होता, पितळी घंटेचा, लाकडी शिडीचा. केंद्राचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्या दिवशी तो रस्त्यावरून फिरवायचा होता. लाल रंग दुसरीकडे देऊन झाला होता. आता फक्त दोन्ही अंगांना, नाकापासून शेपटीपर्यंत सोनेरी रेघ हवी होती. बंब घेऊन आला तो त्याचा म्हातारा ड्रायव्हर. निवृत्त झाला होता, पण बंब त्याच्या हातून सुटला नव्हता.

"केंद्राचे साहेब म्हणाले, पट्टी चालेल," तो आल्या आल्या म्हणाला. "तयार सोनेरी पट्टी मिळते. चिकटवली की झालं. कशाला जिवाला घोर?"

"साहेबांना सांगा, मिशीसुद्धा तयार मिळते," बाबा म्हणाले. "चिकटवतात का ते?"

"साहेबांना मिशी नाही."

"मग पट्टीही नको."

ड्रायव्हर खदखदून हसला. मग बंबाच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "तेही खरंच म्हणा. या गाडीने आयुष्यभर आगी विझवल्या. हिला चिकटपट्टी लावायची म्हणजे... पण एवढी लांब रेघ काढणार कोण? तुमची बोटं तर..."

"ही काढेल," बाबांनी मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. "पट्टी लावायची वेळ आली ना, तर मी शेडला कुलूप लावीन."

ड्रायव्हर गेल्यावर ओळंबा म्हणाली, "बाबा, मला..."

"काय?"

"काही नाही."

त्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. अचानक बंद करायच्या नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने हिशेब असा केला की फिट येते आणि जाते, पण हात गेला तर तो गेला. आई समोर उभी असायची म्हणून गोळी तोंडात टाकून गालात धरायची, वर पाणी प्यायची आणि मग शेडमध्ये येऊन ती एका जुन्या डब्यात टाकायची. एका गिऱ्हाइकाने हट्टाने शेवाळी हिरवा करून घेतला होता, नंतर तो कुणी मागितलाच नव्हता. त्याचा रिकामा डबा फळीवर सगळ्यात वर होता. त्याला कुणी हात लावायचं कारण नव्हतं.

पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. मग एका सकाळी काचेवर ब्रश ओढताना तिच्या लक्षात आलं की खिडकीचा कोपरा जागेवर आहे. तिने पुन्हा नजर टाकली. कोपरा हलला नाही. तिने एक रेघ काढली, आणखी एक, आणि तिसरी काढताना तिला रडू यायला लागलं म्हणून ती थांबली. हात परत आला होता. आणि रोज संध्याकाळी अंथरुणावर पडताना तिला वाटायचं, आज येईल. आज नाही आली तर उद्या येईल. आनंद आणि धास्ती अशी दोन्ही एकाच ताटात वाढलेली तिने कधी खाल्ली नव्हती.

आईला त्याच दिवसांत सोन्याच्या रंगात थोडी हिरवट झाक टाकावीशी वाटली. लाल रंगावर नुसतं सोनं भडक दिसतं, असं तिचं मत. तिने शेवाळी रंगाचा डबा खाली काढला. तळाशी थोडा तरी असेल म्हणून झाकण उघडलं आणि डबा खडखडला.

ओळंबा आत आली तेव्हा आईच्या हातात डबा होता आणि बाबा बाजूला उभे होते.

"ही काय बटणं आहेत?" आईने विचारलं.

ओळंबा दारातच थांबली.

"मी विचारते आहे. बटणं आहेत की गोळ्या?"

"गोळ्या."

"किती दिवस?"

"बंब आला त्या दिवसापासून."

आईने डबा बाकावर आपटला. "पोरी, तुझ्या रेघेचं कौतुक मला काय कमी आहे? पण ती काढायला तू पाहिजेस ना! उद्या हातात ब्रश असताना पडलीस, डोकं त्या लोखंडावर आपटलं, तर मी काय त्या सायकली बघत बसू भिंतीवरच्या?"

"आई, गोळ्यांमुळे हात हलत होता. आता हलत नाही. बघ."

बाबा बाकाजवळ गेले. त्या सकाळच्या रेघा काचेवर तशाच होत्या. त्यांनी काच उजेडाकडे धरली.

"गोळ्या सोडल्यावर हात आला?"

"हो."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ओळंबा म्हणाली. "दोष हाताचा."

बाबा डब्यावर बसले. लहानपणी ती ज्यावर उभी राहायची तोच डबा होता की दुसरा, कुणास ठाऊक. पण त्यांच्याकडे बघून आईचा राग अर्धा उतरला.

"उठा," ती म्हणाली. "तिघंही डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता."

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. गोळ्या बंद केल्याचं ऐकल्यावर मात्र त्या पुष्कळ बोलल्या. ओळंब्याने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी श्वास सोडला आणि विचारलं, "बरं. आता नीट सांग. का बंद केलंस?"

"रेघ हलत होती."

"हलत होती म्हणजे?"

"मी नजर बाजूला टाकते. लांब. ती टाकली की समोरची वस्तू उड्या मारायची."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "आडव्या उड्या की उभ्या?"

"आडव्या. बारीक बारीक."

"आणि चालताना?"

"पायरी सापडायची नाही."

"आणि जिन्यावरून पडलीस तेव्हा? शुद्ध गेली होती?"

"नाही. पाय चुकला होता."

आईने चमकून मुलीकडे बघितलं. "मग तू त्या दिवशी तसं बोलली का नाहीस?"

"तुझं बोलून झालं होतं."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "हे सगळं मी आधीच विचारायला हवं होतं. मी फक्त फिटबद्दल विचारत राहिले." त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरून ते हळूहळू एका बाजूला नेलं. "बघ इकडे. डोकं हलवू नकोस. आणखी लांब." डोळे टोकाला गेले आणि तिथे किंचित थरथरून थांबले. आता इतकं किंचित, की दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

रक्त घेतलं गेलं. अहवाल यायला दुपार उलटली. तोवर तिघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच चमक होती. अवघड गणित सुटायला लागलं की माणसाच्या तोंडावर येते तशी.

"इतके दिवस गोळी घेतली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या रक्तात हे औषध औषधालाही सापडलं नसतं. हिच्या रक्तात अजून फिट थांबवण्यापुरतं आहे. म्हणून फिट आली नाही. आणि म्हणूनच, गोळ्या चालू होत्या तेव्हा ते किती साचलं असेल, याचा मला अंदाज येतो." त्या तिघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला एखादं औषध सोसत नाही का? नेहमीच्या डोसने त्रास होतो, असं?"

"आमच्याकडे सगळ्यांना सगळं सोसतं," बाबा लगेच म्हणाले.

"हो का?" आई म्हणाली. "आणि तुमच्या गोळीचे चार तुकडे कोण करतं?"

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं? डॉक्टर, यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. पहिल्या महिन्यात अख्खी घेतली, तर नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त, अंगभर काळेनिळे डाग. मग कमी करत करत चतकोरावर आले. दवाखान्यात यांना चतकोर गोळीवाले म्हणतात. यांना लाज वाटते म्हणून सांगत नाहीत."

बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"काका," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "लाजू नका. हे तुम्ही वर्षभरापूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि मी विचारलं असतं तर त्याहून बरं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. यकृतात एक विकर असतं. औषध फोडून शरीराबाहेर टाकण्याच्या लायकीचं करणं हे त्याचं काम. ते विकर कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं, आणि त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काही लोकांच्या प्रतीत एका ठिकाणी एक अक्षर वेगळं असतं. बाकी माणूस अगदी ठणठणीत. फक्त ते विकर फार सावकाश काम करतं. रोजची गोळी रोज पोटात येते, आणि कालची अजून गेलेली नसते.

"साचत जातं," ओळंबा म्हणाली.

"साचत जातं. आणि या औषधाची आणखी एक खोड आहे. विकराचे हात एकदा पुरते भरले, की डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी भसकन वर जाते. मी थोडासाच वाढवला होता."

"आणि माझी गोळी?" बाबांनी विचारलं.

"तीही तेच विकर फोडतं."

बाबांनी आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघितलं, मग मुलीच्या हातांकडे. "म्हणजे माझी चतकोर गोळी आणि हिची रेघ..."

"एकाच कारणाची असू शकतील. पण तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. तुम्हा दोघांचं रक्त पाठवते." मग त्या ओळंब्याकडे वळल्या. "औषध बंद करायचं नाही. पुष्कळ कमी करायचं, आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. पुन्हा काही हललं, काही उडालं, तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. फिट येवो न येवो. कबूल?"

"कबूल."

अहवाल यायला वेळ लागणार होता आणि वर्धापनदिन काही थांबणार नव्हता. छोट्या डोसवर काही दिवस गेले. दिवा उडत नव्हता. तरी ओळंब्याने बंबाला हात लावला नाही. काचेवर रेघ सरळ येत होती, पण बंबाजवळ गेली की मनात यायचं, तपासणीत काहीच निघालं नाही तर? मग राहील काय? हात आणि त्याचा दोष. ती बाबांना तसं म्हणालीही.

बाबा म्हणाले, "निघालं नाही तर नाही. रेघ तूच काढायची."

"आणि वाकडी आली तर?"

त्या शेडमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर पिढ्यानपिढ्या तयार असायचं, आणि आज ते त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. ते म्हणाले, "तर मला सांग. आधी मला सांग."

अहवाल आला तेव्हा डॉक्टर स्वतः दारापर्यंत आल्या.

"दोन्ही प्रती सावकाश," त्या म्हणाल्या. "तुझ्याही आणि काकांच्याही. आईंना तपासलेलं नाही, पण एक प्रत त्यांच्याकडून आल्याशिवाय हे जमत नाही."

"बघा," आई नवऱ्याला म्हणाली. "हात तुमच्याकडून आला म्हणून मिरवत होतात. हे निम्मं माझं आहे."

ओळंबा अहवालाचा कागद हातात धरून उभी होती. त्यात अक्षरं आणि आकडे होते. तिला त्यातलं फारसं समजत नव्हतं. तिला एकच गोष्ट मोठ्याने म्हणून बघायची होती.

"हात चांगला होता."

"हात कधी बिघडलाच नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं औषध अंगात साचलेलं असताना बहुतेकांना धड चालता आलं नसतं. तू रेघा काढत होतीस. लाटेच्या का असेनात. खरं सांगू? ती लाटेची रेघ मला बघायला आवडली असती."

"पुसली," ओळंबा म्हणाली. आणि मग ती हसली, कितीतरी दिवसांनी.

"मला माहीतच होतं," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "मी म्हणतच होतो, हात चांगला आहे."

"कधी?" आईने विचारलं. "कुणाला?"

"मनात."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बंबाच्या ड्रायव्हरला ही हकीकत जितकी समजली होती तितकी, आणि नव्हती समजली तीही, ऐकवली. ड्रायव्हर ऐकून म्हणाला, "म्हणजे रक्तातच खोट."

"खोट कसली?" बाबा गरजले. "आमच्या घरात कुणी घाई करत नाही. विकरसुद्धा नाही. तुमच्या साहेबांना लागते अख्खी गोळी. आमचं चतकोरात भागतं. आता गप्प बसा आणि त्या कोपऱ्यात उभे राहा. उजेड अडवू नका."

सकाळचा उजेड शेडच्या लांब दारातून सरळ बंबाच्या अंगावर आला होता. आईने रंग घोटला होता. हिरवट झाक टाकायची ती विसरली नव्हती. ओळंब्याने ब्रश बुडवला, काचेवर ओढला, पुन्हा ओढला, केस एका दिशेला झोपेपर्यंत. मग ती बंबाच्या नाकापाशी गेली, करंगळी पत्र्याच्या दुमडीवर टेकवली आणि नजर बाजूला टाकली, लांब, मागच्या पितळी दिव्यापर्यंत.

दिवा आपल्या जागी होता.

ती निघाली. बंब मोटारीसारखा नव्हता. त्याच्या अंगात उंचवटे होते, शिडीच्या खोबणी होत्या, चाकावरची कमान होती. गुडघे वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. पाय एकमेकांना ओलांडत गेले. कमानीपाशी रंग संपत आला तशी तिने ब्रश उचलला, भरला, आणि जिथे सोडला होता तिथेच असा टेकवला, की ड्रायव्हर नंतर नाक लावून शोधत बसला तरी त्याला जोड सापडला नाही. दिवा जवळ येत होता आणि हलत नव्हता. ती त्याच्याकडेच बघत होती. रेघ आपली तिच्या मागून येत होती, तिच्याकडे बघायची गरज नव्हती.

दिव्यापाशी ती थांबली. रेघेचं शेवटचं टोक अजून उघडंच होतं.

त्या शेडची एक पद्धत होती. रेघ संपते तिथे एक छोटं वळण काढायचं, खाली वळणारं, आकड्यासारखं. त्याला शेपूट म्हणायचे. ते कारागिराची सही. गाडीवरची रेघ कुणीही काढो, शेपूट शेडच्या धन्याने काढायचं. बोटं आखडल्यावरही बाबा दातओठ खात तेवढं वळण स्वतः काढत. म्हणून ओळंबा बाजूला सरकली आणि तिने ब्रश त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी हात मागे घेतले.

"काढ," ते म्हणाले.

"शेपूट?"

"मग काय घंटा? काढ, रंग वाळतोय."

तिने ब्रश पुन्हा टेकवला. मग मनगटाच्या एका हलक्या झटक्यात तिने वळण काढलं, आणि ते वर गेलं.

बाबा वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. नाक जवळजवळ पत्र्याला टेकलं.

"आपलं खाली वळतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"हे वर गेलंय."

"हो."

"हात हलला?"

"नाही," ती म्हणाली. "मी नेलं."

बाबांनी आणखी थोडा वेळ बघितलं. ड्रायव्हर आईच्या कानात कुजबुजला, "चुकलं काय?" आईने त्याला कोपर मारलं.

मग बाबा सरळ झाले. कमरेवर हात ठेवून त्यांनी बंबाच्या नाकापासून शेपटीपर्यंत एकदा नजर फिरवली, जशी ते भिंतीवरच्या सायकलींवरून फिरवत, आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणाले,

"साहेबांना घेऊन या. त्यांना सांगा, ओळखायचं काही नाही. सगळी तिची आहे." आणि मुलीकडे वळून, "बघतेस काय? दुसरी बाजू कोण काढणार, मी?"